पहिला गोटा बाजरीत गेला

झुंबरबाईला गोफण कुणी शिकवली असं विचारलं, तर ती सांगायची, पोपटांनी. माहेरचं वावर नाल्याच्या काठाला होतं. बाजरी दाण्यावर आली की पोपटांचे थवेच्या थवे उतरायचे. थोरल्या बहिणी निंदायला जायच्या आणि धाकटी म्हणून हिला राखणीच्या माळ्यावर, चार खांबांच्या मचाणावर, चढवून द्यायचे. पहिल्या दिवशी तिच्या गोफणीतला गोटा पुढे जायचा तो मागे गेला आणि बापाच्या पाण्याच्या मडक्यावर बसला. बापाने दुसरं मडकं आणलं आणि माळ्याच्या पुढच्या बाजूला ठेवलं. तिकडे काही ही पोरगी मारू शकत नाही, असा त्याचा हिशेब. पुढच्या सुगीला त्याला ते मडकं पुन्हा मागे न्यावं लागलं.

लग्न होऊन ती आंबेखडीला आली. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे गाव. नवरा भटू स्वभावाने मऊ, कुणी मोठ्याने बोललं की मान हलवून मोकळा होणारा. लग्नानंतर दोन पावसाळे कोरडे गेले आणि तो सुरतेला लूमवर लागला. आखाजीला नि दिवाळीला घरी यायचा. मागे वावर झुंबरबाईचं. पेरणी तिची, निंदणी तिची, राखण तिची. बांधापलीकडचं वावर जेठाचं, म्हणजे भटूच्या थोरल्या भावाचं, चुडामणचं. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. चुली वेगळ्या, पण आवाज एकच, कारण या घरात खोकलं की त्या घरात कळायचं.

गोफण ती स्वतः वळायची. अंबाडीचा वाक काढून, पिळून, दोन हातभर लांब दोऱ्या. मध्ये गोटा बसेल एवढी जाळीची खोळ. एका दोरीच्या टोकाला फासा, तो मधल्या बोटात अडकवायचा. दुसऱ्या टोकाला गाठ, ती अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धरायची. फेरा घेतला की चिमूट सोडायची. गोटा जातो, फासा बोटातच राहतो. गाठीच्या पुढे तिने वाकाचा बारीक गोंडा ठेवलेला असायचा. सुटताना तो चाबकासारखा फटकन वाजायचा. निम्मे पोपट त्या आवाजानेच उडायचे. गोटे म्हणजे दगड नव्हेत. चिकणमाती मळून, लिंबाएवढ्या गोळ्या करून उन्हात वाळवायच्या. दगड वावरात पडले तर पुढल्या वर्षी वखराला लागतात. मातीची गोळी पावसात विरघळते आणि वावराचं वावराला परत मिळतं. एक-दोन खरेखुरे दगड ती माळ्यावर ठेवायची ते डुकरांसाठी.

भटू सुरतेला गेल्यानंतरच्या तिसऱ्या सुगीची गोष्ट. आश्विन होता, बाजरी कापणीला आली होती. दिवस कलला होता, पोपट परतले होते आणि झुंबरबाई माळ्यावरून उतरायच्या बेतात होती. बांधाच्या निंबाला तिचं वासरू बांधलेलं होतं. नाल्यातून बिबट्या आला तो तिला दिसलाच नाही. वासरू हंबरलं, तेव्हा त्याने मान धरलेली होती. वासरू दाव्याला बांधलेलं असल्यामुळे त्याला ते ओढून नेता येईना आणि सोडवेनाही. तो ओढायचा, दावं ताणलं जायचं, निंब हलायचा.

माळ्यावर पळसाच्या पानांचं छप्पर होतं, म्हणून डोक्यावरून फेरा घ्यायला जागा नव्हती. ती नेहमीसारखी कडेला एक गुडघा टेकून बसली, हात बाहेर काढला आणि बाजूने एकच फेरा घेऊन दगड सोडला. तो बिबट्याच्या पलीकडे बाजरीत गेला. कणसं हलली, बस्स. बिबट्याने कान हलवला. तिने दुसरा दगड खोळीत बसवला. दुसरा मात्र त्याच्या बरगडीवर बसला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. त्याने मान सोडली. वर माळ्याकडे पाहिलं. पळालाही नाही, कुणाच्या तरी दारातून उठून जावं तसा नाल्यात उतरला आणि गेला.

मग चुडामण आला. बाजूच्या वावरात तो बैलांना चारा टाकत होता. हातात काठी घेऊन ओरडत पळत आला, आणि त्याच्या ओरडण्याने गाव आलं. गावाने पाहिलं ते असं: वासरू रक्तबंबाळ, शेजारी चुडामण काठी घेऊन उभा, छाती भात्यासारखी वरखाली होतेय आणि लहान भावाची बायको माळ्यावर डोक्यावर पदर घेऊन पाठमोरी बसलेली.

ती पाठमोरी का बसली होती, हे आंबेखडीत कुणाला समजावून सांगायला नको होतं. समोर जेठ होता. जेठासमोर तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, गाईला सांगायचं, मधल्या पोराला सांगायचं. ते आपोआप जेठाला पोचतं. त्या संध्याकाळी मध्ये भिंत नव्हती, पोर नव्हतं, आणि वासराला काही सांगून उपयोग नव्हता.

गावकऱ्यांनी चुडामणला विचारलं, कसा पळाला हो? चुडामणने आधी नुसतीच मान हलवली. मग कुणी तरी म्हणालं, हाणला दिसतो भाऊने. मान पुन्हा हलली. खोटं बोलायला माणसाला दर वेळी तोंड उघडावंच लागतं असं नाही.

वासरू जगलं. मान थोडी वाकडी राहिली. गोष्ट मात्र दिवाळीपर्यंत चांगली सरळ आणि धष्टपुष्ट झाली. काठीची गोफण झाली, कारण काठीने बिबट्या पळवला हे पुढे पुढे कुणालाच पटेना. मग गोफणीच्या गोट्याने बिबट्या मेला. मग त्याचं कातडं साक्रीला वनखात्यात जमा केलं, असं ज्यांनी कधी वनखातं पाहिलं नव्हतं ते सांगू लागले. त्या दिवाळीला लूमवर रजा मिळाली नाही म्हणून भटू आलाच नाही. झुंबरबाई भिंतीला सांगत राहिली. भिंतीपलीकडून जेठाणी ताईबाई खोकायची, तेवढंच उत्तर.

माघात गावची जत्रा. जत्रेला वही असते, लिहायची नव्हे, डफावर सोंगं आणून गायची. गावचा वहीवाला जीवराम. एरवी त्याची पिठाची गिरणी. त्या वर्षी त्याने देवादिकांची वही सोडून नवीन रचली, चुडामणची. अभिमन नावाचा त्याचा गडी फेटा बांधून चुडामण झाला. हातात नायलॉनच्या दोरीची गोफण, खोळीत नारळाएवढा कापडी धोंडा. तो डोक्यावर हात करून ती गरागरा फिरवू लागला, फिरवू लागला, इतकी फिरवली की डफवाल्याचा ताल संपून पुन्हा सुरू झाला. घोंगडी पांघरून बिबट्या झालेला पोरगा बिचारा मार खायची वाट पाहत चार पायांवर ताटकळला. शेवटी धोंडा त्याच्या कपाळाला लागला आणि तो मेला. बायकांत बसलेली झुंबरबाई हसली. शेजारणीला वाटलं हिला आनंद झाला.

ती हसली कारण नायलॉनच्या दोरीला गाठ टिकत नाही. आणि मग तिचं हसू थांबलं, कारण सुरतेहून जत्रेला आलेले पाच-सहा लूमवाले पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. हे आता सुरतेला जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली. जीवराम नात्यातला नव्हता, त्याच्याशी बोलायला आडकाठी नव्हती. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून तिने त्याला सगळं सांगितलं. फेरा एक असतो आणि बाजूने असतो. पहिला गोटा बाजरीत गेला. दुसरा बरगडीवर लागला. बिबट्या मेला नाही, चालत गेला. आणि मारणारी मी होते.

जीवरामने पट्टा उतरवला, गिरणी थांबवली. रांगेतल्या बाया कान देऊन उभ्या होत्या. तो वाईट माणूस नव्हता; गाणं बांधणारा होता, एवढाच त्याचा दोष. त्याने समजावलं की एकच फेरा घेतला तर मागच्या माणसाला तो दिसत नाही. पहिला गोटा चुकला असं गायलं तर लोक उठून विड्या ओढायला जातात. आणि बिबट्या चालत गेला ही काय गोष्ट झाली. झुंबरबाई म्हणाली, असं असेल तर विहिरीच्या रहाटाची वही कर, तो दिवसभर फिरतो.

बाया हसल्या. जीवरामही हसला, आणि मग विचार करून त्याने मधला रस्ता काढला. बाईचं नाव घालू, तो म्हणाला, पण बाईमाणसाने बिबट्या मारला हे लोकांना पटायला हवं. तेव्हा असं करू, की तुझ्या अंगात देवी आली आणि देवीने गोफण मारली. चुडामणभाऊचाही मान राहील, तुझाही राहील.

झुंबरबाईने डबा उचलून डोक्यावर घेतला.

"देवी कसाले अंगमा यी, जीवरामभाऊ? हात मना व्हता."

दळण न दळताच ती निघाली. तिच्या मागून दोन बायांनीही आपले डबे उचलले. एकीचं तर पीठ तयार होतं, पण तिला गर्दीबरोबर जायचं होतं.

हे चुडामणला कळायला दुपार पुरली. तो भिंतीपलीकडे आपल्या बायकोला मोठ्याने सांगू लागला, म्हणजे या घरात नीट ऐकू जावं, की काही घरच्या बायका गिरणीत उभ्या राहून घराण्याची लाज दळतात. झुंबरबाईने चुलीला सांगितलं की काही लोक दुसऱ्याच्या गोट्यावर फेटा बांधतात. ताईबाई खोकली.

आखाजीच्या आधी दोन दिवस भटू आला. या खेपेला पिशवीत साडी होती आणि डोक्यात बेत होता. जेवताना खाली मान घालून त्याने सांगितला. सुरतेत लिंबायतला खोली बघितली आहे. वावर भाऊला बटाईने द्यायचं. झुंबरबाईने सुरतेला यायचं. सगळे लूमवाले म्हणतात की तुझ्या भावाने जीव धोक्यात घालून तुझं वासरू नि वावर राखलं, आणि तू त्याला एकदा विचारतही नाहीस. बाईमाणसाने एकटीने किती दिवस राखायचं. बिबट्या पुन्हा आला तर.

आता तिला कळलं की वहीतला तो धोंडा कुठे येऊन पडला होता. बिबट्याच्या कपाळावर नव्हे, तिच्या वावरात. ज्याने राखलं त्याचं वावर, असं कुणी म्हणालं नव्हतं, पण सगळ्यांच्या बोलण्याचा अर्थ तोच होता.

तिने भाकरी तव्यावरून काढली, त्याच्या ताटात टाकली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. भटूने ऐकलं. लग्नानंतर पहिल्याच सुगीला त्याने तिला माळ्यावर पाहिलेलं होतं, त्यामुळे त्याला खरंच वाटलं. पण खरं वाटणं आणि तोंडाने म्हणणं यात भटूसाठी मोठं अंतर होतं.

"तू मारं व्हई," तो म्हणाला. "पन बठ्ठा गाव भाऊनं नाव ली राहिना. तवय काब्रं नही सांगं?" तेव्हाच का सांगितलं नाहीस, हाच त्याचा प्रश्न होता.

"कोना तोंडे सांगू? समोर जेठ व्हतात."

यावर भटूने आणखी एक भाकरी मागितली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात. आणि गौराईचं पाणी आणायला नदीवर गेल्या की वरल्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. नाव घेऊन देतात. दीर, जेठ, सासरा, पाटील, कुणाचंही नाव चालतं. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही, रागावला तर तो लहान. वर्षभर पदराआड कोंडलेलं एका दुपारी बाहेर काढायला ही वाट जुन्या बायांनी कधी पाडून ठेवली कोण जाणे, पण ती बुजू मात्र दिली नाही.

त्या दुपारी नदीवरून परतून सगळ्या झोक्यापाशी जमल्या होत्या, आणि तीच गाणी तिथेही चालू होती. पुरुष समोरच्या मारुतीच्या ओट्यावर पत्ते खेळत होते, म्हणजे पत्ते हातात धरून गाणी ऐकत होते. चुडामण होता, जीवराम होता, भटू कडेला होता. झुंबरबाई झोक्यावर चढली. उभी राहिली. दोन्ही दोर धरले आणि आखाजीच्या नेहमीच्या चालीवर सुरू केलं.

"पहिला गोटा गया बाजरीमा, वं माय,
दुसरा बसना बरगडीवर,
चुडामण जेठ उना काठी लिसन,
बिबट्या पोचना डोंगरवर."

बिबट्या डोंगरावर पोचला तेव्हा कुठे जेठ काठी घेऊन आला, हे ओट्यापर्यंत ऐकू गेलं. जेठाचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, आणि गाण्यात का होईना, ते हवेत लटकत राहिलं. मग झोक्यामागून कुणी तरी जोरात हात लावला. झोका वर गेला. झोक्यामागे ताईबाई होती, चुडामणची बायको. तिने खोकून घसा साफ केला, आणि आज पहिल्यांदाच खोकल्याच्या पुढे काही निघालं.

"काठी बी मनी चूलनी व्हती, वं माय,
काठी बी मनी चूलनी."

बिबट्या पळवणारी काठी म्हणजे ताईबाईच्या चुलीचं सरपण निघालं; आता बायांना थांबवणं शक्य नव्हतं. बिबट्याच्या त्या संध्याकाळी चुडामण घरी आल्यावर त्याने पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरला तरी निम्मं पाणी सांडलं, हे ताईबाईने पुढच्या कडव्यात घातलं. ओट्यावर पत्ते खाली पडले. कुणी तरी पहिल्यांदा हसलं, आणि मग ओटाच हसला. जीवराम मान हलवत मांडीवर ताल धरून बसला होता. त्याला कडवं आवडलं होतं आणि ते आपल्याला सुचलं नाही याचं वाईटही वाटत होतं. झुंबरबाई झोक्यावरून एक हात सोडून फेरा कसा घेतात ते दाखवत होती, बाजूने, एकच. खालच्या पोरी तसाच हात करत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पोरी पिंपळनेरला, धुळ्याला, पार जळगावकडे आपापल्या सासरी जाणार होत्या. जीवरामची वही जत्रेपुरती होती. हे गाणं लुगड्यांच्या गाठोड्यांतून जाणार होतं.

चुडामण उठून घरी गेला. आखाजी होती म्हणून तो रागावू शकत नव्हता. रागवायला त्याने दुसरा दिवस उजाडू दिला.

सकाळीच तो भटूच्या अंगणात येऊन उभा राहिला. झुंबरबाई दाराच्या आत, पदर पुढे ओढून. चुडामण भावाशी बोलला, पण आवाज दाराच्या मापाचा होता. बायकोला सुरतेला घेऊन जा, तो म्हणाला, वावराचं मी बघतो. गाणं म्हणून बाजरी येत नसते.

"बाई गाना म्हनी राहिनी, मंग वावर कोन पाही?"

भटूने सवयीप्रमाणे मान हलवायला सुरुवात केली. अर्धी हलली.

झुंबरबाई दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता. तोंड तिने भिंतीकडेच केलेलं होतं. पण मध्ये भिंत नव्हती, गाय नव्हती, मधलं पोर नव्हतं, आणि आज आखाजीही नव्हती.

"मी पाहसू, भाऊ. यंदा बी मीच पाहसू."

भिंतीपलीकडे ताईबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. चुडामणने भावाकडे पाहिलं. भटूची मान अर्ध्यावरच थांबलेली होती. ती त्याने तशीच ठेवली. होकाराकडे नेली नाही. त्याच्या आयुष्यात त्याने कुणाला दिलेला सगळ्यात मोठा नकार हाच.

चुडामण म्हणाला, बघू पाऊस कसा होतो ते. आणि गेला.

तिसऱ्या दिवशी ती भटूला फाट्यावर पोचवायला गेली. पिशवीत कळण्याच्या भाकरीचं पीठ नि मिरच्यांचा ठेचा. लिंबायतची खोली नको म्हणून कळवायचं ठरलं होतं. एस.टी.ला वेळ होता. तिने त्याला विचारलं की लूमवर विचारतील तेव्हा काय सांगशील? भटूने इकडे तिकडे पाहिलं. सांगीन, म्हणाला. मग आत्ता सांग, ती म्हणाली. फाट्यावर चहावाला होता, दोन-चार उतारू होते, बैलवाला सुकदेव बिडी पेटवत होता. भटूने घसा खाकरला आणि सुरू केलं, की बाई माळ्यावर होती, बिबट्याने वासरू धरलं, बाईने गोफण उचलली. बोलता बोलता त्याचा हात वर गेला आणि डोक्यावर गरागरा फिरू लागला, अभिमनसारखा, लूमवाल्यांनी सुरतेला करून दाखवला होता तसा.

झुंबरबाईने चारचौघांत त्याचं मनगट धरलं. हात खाली आणला, खांद्याच्या बाजूला, आणि एकदा फिरवून सोडला. चहावाला बघत राहिला. भटू लाजला, पण दुसऱ्या वेळी त्याने फेरा बरोबर घेतला.

एस.टी. आली. तो चढला. खिडकीत बसल्यावर शेजारच्या माणसाने त्याला काही तरी विचारलं, आणि गाडी हलताना तिला दिसलं की त्याचे ओठ हलू लागले आहेत.

ती परत फिरली तेव्हा सुकदेव बैल जुंपत होता. पेरणीच्या आधी वखर मारायचा तर तिला बैल लागणार होते, आणि या वर्षी ते चुडामणकडे मागायचे नाहीत हे ठरलेलं होतं. तिने सुकदेवला विचारलं. सुकदेव म्हणाला, परवा येतो. मग पुन्हा विचारलं त्याने, नाल्याकाठचं ना, चुडामणभाऊच्या बांधाजवळचं? गावात त्या वावराला कधी भटूचं म्हणत, कधी नुसतंच चुडामणच्या शेजारचं. वाटेत कुणाला विचारावं लागलं तर कुणाचं वावर म्हणायचं, हे सुकदेवला हवं होतं.

"कोनं सांगू? भटूभाऊनं का?"

झुंबरबाईने पदर सारखा केला.

"झुंबरबाईनं वावर सांग," ती म्हणाली. "कोनी बी दाखाडी दी."